पुढचा ब्रेक : घट्ट केला म्हणजे दुरुस्त झाला का?

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात कुकरच्या रिंगबद्दल लिहिलं, तेव्हा या वेळी पावसाळ्यात पिठं आणि डाळी कशा टिकवाव्यात ते सांगीन, असं कबूल केलं होतं. पण पिठं आठवडाभर थांबतील. आज मला मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकविषयी लिहायचंय. “अगंबाई, स्वयंपाकघरातून एकदम गॅरेजमध्ये?” असं म्हणून पान उलटू नका. गाडी ही पुरुषांची वस्तू म्हणून आपण तिच्याकडे बघत नाही. पण तिच्यावरून रोज जातं ते आपलंच माणूस, आणि मागच्या सीटवर मूल मध्ये घेऊन बसतो त्याही आपणच.

झालं असं. आम्ही राहतो चिपळूणला. ह्यांची नोकरी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे रोज परशुराम घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी २००६ सालची, शंभर सीसीची. ह्यांनी पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली, त्यामुळे तिच्यावर जीव. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं बुडालं, त्यात ही गाडीही बुडाली. पाणी ओसरल्यावर गाळ उपसता उपसता माणसं थकून गेली होती. गाडी धुतली, इंजिनातलं तेल बदललं, चार-सहा किका मारल्या आणि ती चालू झाली. चालू झाली याचाच इतका आनंद, की चाकाच्या आत काय जाऊन बसलंय ते बघायला सवड कोणाला होती!

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी हे घरी आले ते जरा लंगडत. “स्टँडपाशी पाय घसरला,” म्हणाले. मी काही बोलले नाही. रात्री कपडे भिजवताना पाहते तो पँटचा उजवा गुडघा फाटलेला आणि त्यात लाल माती. स्टँडपाशी डांबर आहे, लाल माती कुठून आली? मी शाळेत अर्धवेळ शिकवते, सातवी-आठवीचे वर्ग. ‘वही घरी राहिली’ हे रोज चार तऱ्हांनी ऐकते. खरं-खोटं ओळखायला मला फार वेळ लागत नाही.

शेवटी सांगितलं. घाट उतरताना पुढे ट्रक थांबला, ह्यांनी पुढचा ब्रेक दाबला, तर दांडी सरळ मुठीला येऊन टेकली आणि गाडी तशीच पुढे. घाबरून मागचा ब्रेक जोरात दाबला, मागचं चाक घसरलं आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात. देवाची कृपा, की दरीच्या बाजूला नाही. आदल्याच दिवशी धाकटीला ह्याच गाडीवरून शाळेत सोडलं होतं. ते आठवलं आणि माझे हातच गार पडले.

“पण ब्रेक तर तुम्ही मागच्या महिन्यात करून आणलात ना?” मी विचारलं.

“घट्ट करून आणला होता,” हे म्हणाले.

मागच्या महिन्यातच नव्हे, त्याच्या आधीच्या महिन्यातही घट्ट केला होता, आणि होळीच्या सुमारासही. दर वेळी दोन मिनिटांचं काम. नट दोन वेढे फिरवला, की ब्रेक पुन्हा छान लागायचा. आमच्या शेजारी एस. टी. च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी गाडीजवळ बसून खाली हात घातला आणि म्हणाले, “बाई, ह्या नटाचे आटे संपलेत. आता आणखी काय घट्ट करणार? घट्ट करणं ही दुरुस्ती नव्हे. ताप आला की नुसती तापाची गोळी देत राहायचं, तसं झालं हे. आजार आत तसाच.”

रविवारी सकाळी काकांनी चाक उतरवलं. ह्यांनी मदत केली आणि मी वही घेऊन शेजारी बसले. त्या वहीतलं आज तुमच्यासमोर ठेवते.

पुढचा ब्रेक इतका महत्त्वाचा का?

एस. टी. त उभं असताना चालकानं ब्रेक मारला की आपण सगळे पुढे कलंडतो. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की गाडीचा आणि बसणाऱ्याचा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलकं चाक रस्त्याला नीट धरत नाही, चटकन घसरतं. म्हणून थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं.

आपल्याकडे मात्र पुष्कळांच्या मनात बसलेलं असतं की पुढचा ब्रेक लावला तर गाडी उलटते. वळणावर, वाळूवर किंवा ओल्या उतारावर तो एकदम आवळला तर चाक घसरतं, हे खरं. पण सरळ रस्त्यावर, आधी हलका आणि मग वाढवत, मागच्या ब्रेकबरोबर लावला तर तोच आपल्याला वाचवतो. ह्यांनीही तो वर्षानुवर्षं फारसा वापरलाच नव्हता. न वापरलेलं कुलूप जसं गंजतं तसा तो गंजत गेला, आणि वापरत नसल्यामुळे कळलंही नाही.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना कायद्यानं अधिक चांगले ब्रेक सक्तीचे झाले. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय, आणि त्यावरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएसची सोय. त्याआधीच्या बहुतेक साध्या गाड्यांत यांतलं काही नाही. तिथं पुढचा ब्रेक म्हणजे एक दांडी, एक केबल आणि चाकातले दोन शू. एवढ्यावरच सगळी मदार.

दुखणं कुठं आहे? हातापासून चाकापर्यंत

आधी ब्रेक चालतो कसा ते समजून घ्या. उजव्या हाताची दांडी दाबली की केबलमधली तार ओढली जाते. तार खाली चाकाजवळची लहानशी पट्टी ओढते, तिला आर्म म्हणतात. आर्मबरोबर आतला कॅम फिरतो. कॅम म्हणजे दोन बाजूंनी चपटा केलेला लोखंडी दांडा. तो फिरला की दोन अर्धगोल शू बाहेर ढकलले जातात आणि त्यांच्यावर चिकटवलेलं लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतं. दांडी सोडली की स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात.

म्हणजे दुखणं चारच ठिकाणी असू शकतं : दांडी, केबल, कॅम, नाहीतर शू आणि ड्रम. काकांनी शोधायची रीत सांगितली ती अगदी सोपी. याला चाक उतरवावं लागत नाही. ही तपासणी तुम्ही-आम्ही कोणीही करू शकतो.

पहिली गोष्ट, दांडीची ढील. दांडी हळूच दाबावी. ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत तिचं टोक किती सरकतं ते पाहावे. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ही ढील १० ते २० मिलिमीटर हवी, म्हणजे साधारण एका बोटाची रुंदी. ढील मुळीच नसेल तर ब्रेक चालताना घासत राहतो, ड्रम तापतो आणि पेट्रोलही जास्त जातं. दांडी मुठीपर्यंत येत असेल तर ती गाडी घराबाहेर काढू नये. आपल्या गाडीचा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो.

दुसरी गोष्ट, दांडी सोडल्यावर ती टक्‌कन परत जाते का? रेंगाळत जात असेल, किंवा दाबायलाच जड लागत असेल, तर कुठंतरी गंज किंवा गाळ आहे.

आता तो कुठं, हे ओळखायची युक्ती. खालचा नट पूर्ण काढून केबल आर्मपासून सोडवावी. आता दांडी दाबून पाहावी. तार नळीतून सरसर सरकली पाहिजे. अडखळली, करकरली, तर दोष केबलमध्ये. मग आर्म हातानं फिरवून पाहावा. थोडा जोर लावून फिरतो आणि सोडल्यावर स्प्रिंगनं परत येतो, तर ठीक. घट्ट बसला असेल किंवा परत येत नसेल, तर दोष कॅममध्ये. केबल मोकळी, कॅमही मोकळा, आणि तरीही ब्रेक लागत नाही, तर दोष आत शू आणि ड्रममध्ये. पाहिलंत? चाक न उतरवता निम्मं निदान झालं.

आमच्याकडे केबल करकरत होती आणि आर्मही हलत नव्हता. ह्यांच्या हाताचा सगळा जोर गंजाशी भांडण्यात संपत होता. शूपर्यंत पोचत होता तो उरलासुरला.

तिसरी गोष्ट, केबलची दोन्ही टोकं. रबरी टोपी मागे सारून दांडीजवळचं टोक नीट पाहावे. तारेचा एखादा धागाही तुटून बाहेर आला असेल तर केबल बदलावी. ती जोडून किंवा डाग देऊन वापरू नये. आमच्या केबलच्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या. त्या दिवशी ती घाटात तुटली नाही, हेच नशीब.

चौथी गोष्ट, झीज दाखवणारी खूण. पुष्कळ गाड्यांत आर्मजवळ एक लहान बाण असतो आणि चाकाच्या प्लेटवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरला असता बाण खुणेशी जुळला, तर लायनर संपलं असं समजावे आणि नट आणखी आवळत बसू नये.

आवाज काय सांगतो

दळणाच्या आवाजावरून गिरणीवाल्याला जातं कळतं, तसंच हे. ब्रेक लावताना बारीक ‘कूं कूं’ किंवा चिरका आवाज आला, तर बहुधा आत धूळ साठलीय किंवा लायनर काचेसारखं गुळगुळीत झालंय. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी ‘खर्र खर्र’ आली, तर लायनर संपून शूचा धातूच ड्रमला लागतोय. त्या क्षणी गाडी बाजूला घ्यावी, कारण त्यानं ड्रमही खराब होतो आणि खर्च चौपट. दांडी हाताखाली धडधडत असेल, तर ड्रमची गोलाई बिघडली असण्याचा संभव असतो. आणि आवाज काही नाही, पण ब्रेक लोण्यावर सुरी फिरवल्यासारखा नुसता सरकतो, तर लायनरला ग्रीस किंवा तेल लागलेलं असतं.

पाण्यातून गाडी गेल्यावर ब्रेक थोडा वेळ कमी लागतो, ते वेगळं. अशा वेळी रहदारी नसेल तिथं हळू चालवत ब्रेक हलका हलका लावत राहावा. उष्णतेनं लायनर सुकतं आणि ब्रेक पूर्ववत होतो. तरीही झाला नाही, तर मात्र आत बघायलाच हवं.

चाक उतरवल्यावर

हे काम पूर्वी केलेलं माणूस जवळ असेल तरच घरी करावे. नसेल तर मेकॅनिककडून करून घ्यावे, पण आपण शेजारी उभं राहून पाहावे. शिंपी माप घेतो तेव्हा उभ्या राहतोच की आपण!

गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावून इंजिनाखाली लाकडी ठोकळा घट्ट बसवावा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहतं. चाक गार असावे. ब्रेकची केबल आणि मीटरची केबल सोडवून, एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घेतला की चाक खाली येतं. एका बाजूची प्लेट शूसकट अलगद बाहेर निघते.

इथं एक महत्त्वाची सूचना. आतली काळी धूळ फुंकरीनं किंवा हवेच्या पाइपनं मुळीच उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार घातक. नाकाला फडकं बांधावे, धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यावे. घरच्या कपड्यांत ते धुवायला टाकू नये. मुलांना तेवढा वेळ लांब ठेवावे.

आमची प्लेट उघडली आणि मी पाहतच राहिले. पुराचा गाळ अजून तिथं होता, वाळून गेरूसारखा घट्ट झालेला! घर आम्ही चार वेळा धुऊन काढलं, भिंतींना रंग दिला, आणि पूर इथं चाकात लपून बसला होता.

आत काय काय पाहायचं ते असं :

लायनर. अनेक शंभर सीसी गाड्यांत नव्या लायनरची जाडी सुमारे ४ मिलिमीटर असते आणि २ मिलिमीटर राहिली की शू बदलायचे असतात. दोन्ही शू एकदमच बदलावेत, एक नवा एक जुना असं करू नये. ग्रीस प्यायलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन वापरण्याचा मोह होतो, पण आत मुरलेलं ग्रीस तापल्यावर पुन्हा बाहेर येतं. ते शूही बदलावेत, आणि ग्रीस आलं कुठून ते शोधावे. बहुधा मीटरच्या गिअरला किंवा कॅमला कोणीतरी लोण्यासारखं थापलेलं असतं, नाहीतर सील गेलेलं असतं.

ड्रम. आतून बोट फिरवून खोल चरे आहेत का पाहावे. हा ड्रम पुष्कळ गाड्यांत १३० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि १३१ च्या पुढे गेला तर बदलावा लागतो. आपल्या ड्रमची मर्यादा बहुधा त्याच्यावरच कोरलेली असते. नुसती चकाकी आली असेल तर जाडसर पॉलिशपेपर फिरवून ती काढता येते.

कॅम. तो बाहेर काढून गंज पॉलिशपेपरनं घासून टाकावा. बसवताना त्याला आणि शूंच्या दुसऱ्या टोकाच्या पिनला ग्रीस लावावे, तेही कपाळाच्या टिकलीएवढं. इथं सढळ हात कामाचा नाही. जास्तीचं ग्रीस तापलं की लायनरवर उतरतं.

स्प्रिंगा. ताणून सैल झाल्या असतील किंवा गंजल्या असतील तर शूंबरोबरच नव्या घालाव्यात.

बेअरिंग. चाक हातात आहेच, तर मधल्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून पाहावे. खरखर लागली तर तेही बदलून घ्यावे. पुरातून गेलेल्या गाडीचं तर हमखास पाहावे.

आणि आता ती गोष्ट, जी पाहून काकांनी कपाळाला हात लावला. कॅमच्या टोकावर आणि आर्मवर एकेक टिंब असतं. ती टिंबं समोरासमोर यायला हवीत. आमच्या गाडीत आर्म काढून एक दात सरकवून बसवला होता. कधी, कोणी, ते आता सांगता येत नाही. शू झिजले की असं करतात. ब्रेक तात्पुरता वर लागतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण मग कॅम आत जरुरीपेक्षा जास्त फिरतो, आणि पारच आडवा होऊन अडकला तर चाक चालतं जाम होऊ शकतं. ज्या गाडीत बाण आर्मवरच असतो, तिथं ती खूणही खोटं बोलू लागते. काका एवढंच म्हणाले, “नट घट्ट करणारा निदान अजाण असतो. हे करणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.”

परत बसवताना

नवी केबल घालण्याआधी पुस्तिकेत सांगितलं असेल तर तिला तेल पाजावे. प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळं करावे, ते केबलच्या वरच्या टोकाला दोऱ्यानं बांधावे, त्यात थोडं पातळ तेल घालून केबल रात्रभर टांगून ठेवावी. सकाळपर्यंत तेल खालच्या टोकाला येतं. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या काही केबलींना मात्र तेलाची गरज नसते. स्वयंपाकाचं तेल इथं मुळीच वापरू नये. ते चिकट होऊन बसतं.

चाक बसवताना एक गोष्ट दहादा तपासावी. ब्रेकच्या प्लेटवर एक खाच असते आणि पुढच्या शॉकॲबसॉर्बरच्या नळीवर एक उंचवटा. तो उंचवटा त्या खाचेत बसलाच पाहिजे. ब्रेक लावल्यावर प्लेटला फिरू न देण्याचं काम तोच करतो. तो चुकला तर ब्रेक लावताक्षणी प्लेट गरगर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि माणूस पडतो.

एक्सलचा नट आधी सैल ठेवावा. चाक फिरवून ब्रेक जोरात दाबावा आणि दाबलेलाच ठेवून नट आवळावा. त्यामुळे दोन्ही शू ड्रममध्ये मधोमध बसतात. मग खालच्या नटानं ढील जुळवावी. नटाची वाटीसारखी खोलगट बाजू आर्मच्या पिनवर नीट बसली पाहिजे. शेवटी हँडल डावीकडे पुरतं आणि उजवीकडे पुरतं वळवून पाहावे. तसं करताना ब्रेक आपोआप लागत असेल, तर केबल चुकीच्या बाजूनं गेलीय.

पहिली चक्कर सपाट, रिकाम्या रस्त्यावर हळू मारावी. नवं लायनर ड्रमशी जमायला थोडे दिवस लागतात. तोवर वेग बेतानं ठेवावा आणि घाट टाळता आला तर टाळावा.

आमचे शू, स्प्रिंगा आणि केबल मिळून पाचशे रुपयांच्या आत काम झालं. तीनदा घट्ट करायला गेलेले पैसे आणि फाटलेली पँट धरली तर आधीच केलं असतं तर स्वस्तच पडलं असतं. पण हिशेब पैशाचा नव्हताच. सुटे भाग मात्र गाडीच्या कंपनीचे किंवा खात्रीच्या दुकानातलेच घ्यावेत. स्वस्त, बिननावाच्या शूचं लायनर निघून आल्याचं काकांनी वर्कशॉपात पाहिलं आहे.

डिस्क ब्रेक असेल तर

तिथं केबलऐवजी द्रव काम करतो. दांडी स्पंजासारखी मऊ लागली तर आत हवा शिरलीय किंवा गळती आहे. द्रवाची पातळी मुठीजवळच्या डबीच्या काचेतून दिसते. कमी दिसली तर नुसती भरून मोकळं होऊ नये. पॅड झिजले असतील किंवा कुठंतरी गळत असेल, ते पाहावे. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तोच ब्रेक ऑइलचा प्रकार वापरावा, आणि तोही नव्या सीलबंद बाटलीतला, कारण उघड्या बाटलीतला द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणूनच तो साधारण दोन वर्षांनी बदलायचा असतो. इंजिनाचं तेल त्यात चुकूनही घालू नये, रबरी भाग फुगतात. तो द्रव रंगावर सांडला तर लगेच पाण्यानं धुवावा. हवा काढण्याचं काम जाणकाराकडेच द्यावे.

दर शनिवारी पाच मिनिटं

दांडीची ढील बोटभर आहे का? दांडी टक्‌कन परत जाते का? केबलच्या टोकाला तार तुटलीय का? ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत आलाय का? मागे कोणाला तरी बसवून पुढचं चाक उचललं तर ते मोकळं फिरतं का, आणि ब्रेक लावल्यावर जागच्या जागी थांबतं का? एवढे पाच प्रश्न. मी ते कागदावर लिहून तुळशीच्या कट्ट्यासमोरच्या खिडकीत लावलेत. गाडी तिथंच उभी असते. आणि सहावी गोष्ट लक्षात ठेवायची : एका महिन्यात दोनदा घट्ट करावा लागला, तर तिसऱ्यांदा पाना हातात न घेता चाक उघडायला सांगायचं.

पहिल्या शनिवारी मी गाडीजवळ बसले तेव्हा हे हसले. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, “झाली का तपासणी, बाई?” परवा मात्र मी शाळेतून यायच्या आधीच दांडी दाबून पाहत उभे होते. मला पाहून जरा ओशाळले. मी काही बोलले नाही, चहा ठेवायला आत गेले. “स्टँडपाशी पाय घसरला” हे मात्र मी अजून विसरलेले नाही. ब्रेकपेक्षा तेच मला जास्त लागलं. घाटात काय झालं ते घरी सांगितलं नसतं, तर त्याच गाडीवरून शुक्रवारी धाकटी शाळेत गेली असती. म्हणून मैत्रिणींनो, आपल्या माणसांना एवढं जरूर सांगा, की पडलात तर रागावणार नाही, पण लपवू नका.

एक पत्र

एका वाचक भगिनीनं विचारलंय : “आमची जुनी गाडी पावसाळाभर झाकून ठेवली होती. आता चाक ढकललं तरी फिरत नाही. ब्रेक तुटला का?” ताई, बहुधा शू गंजानं ड्रमला चिकटलेत, किंवा कॅम आवळलेल्या जागीच अडकलाय. चाक जोरानं ढकलून किंवा गाडी चालू करून ओढू नका, लायनर शूपासून सुटून येईल. वर सांगितल्याप्रमाणे केबल सोडवा, आर्म हळूहळू मागे-पुढे करून पाहा, आणि तरी सुटलं नाही तर चाक उघडून घ्या. गाडी बंद ठेवायची असेल तेव्हा ती नीट सुकवून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा चार पावलं फिरवून दांडी दाबावी-सोडावी.

पुढच्या आठवड्यात मात्र पिठं आणि डाळी. आता नक्की!